तोंड नसलेला पाहुणा (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

ह्या वेळी आलेल्या पत्रांत पतंगच पतंग आहेत, पावसाळा आहे म्हटल्यावर साहजिकच आहे. एका पत्राला सविस्तर उत्तर देते कारण त्यातच बाकीच्यांची अर्धी उत्तरं येऊन जातात, उरलेली थोडक्यात.

प्रश्न: ताई, परवा रात्री आमच्या पोर्चमधल्या लाईटखाली भिंतीवर एक अवाढव्य फुलपाखरू येऊन बसलं. पंख पसरलेले, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत चांगलं वीतभर. विटकरी तपकिरी रंग, पंखात मधेमधे पारदर्शक त्रिकोणी काचा, आणि वरच्या पंखांच्या टोकाला चक्क सापाचं तोंड! मुलगी सहावीत आहे, ती म्हणाली बाबा हा ॲटलास पतंग आहे. मी म्हटलं इतकं सुंदर आहे म्हणजे फुलपाखरूच असणार, गेल्या महिन्यात ब्लू मॉर्मन बघितलं होतं तेही असंच मोठं होतं की. आता घरात पैज लागलीये. सकाळपर्यंत ते तिथेच होतं, आम्ही झाकणात साखरपाणी ठेवलं पण त्याने ढुंकूनही बघितलं नाही. आजारी होतं का? आणि दोघांतला फरक नक्की ओळखायचा कसा?

उत्तर: पैज मुलगी जिंकली, काय कबूल केलं असेल ते देऊन टाका. तो ॲटलास पतंगच आणि अजिबात आजारी नव्हता. साखरपाण्याकडे बघितलं नाही कारण त्याला प्यायला तोंडच नाहीये. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण जे आहे ते इतकं खुरटलेलं की त्याने थेंबभर पाणीही ओढता येत नाही. कोषातून बाहेर आल्यापासून मरेपर्यंत हा प्राणी काहीही खात पीत नाही, अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर एक ते दोन आठवडे काढतो आणि संपतो.

सुंदर म्हणजे फुलपाखरू आणि मातकट म्हणजे पतंग, ही समजूत आपण सगळेच लहानपणी घेऊन आलेलो असतो त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही ब्लू मॉर्मनचं नाव घेतलंत ते फार बरं केलंत. दोन्ही मोठे, दोन्ही सह्याद्रीत दिसणारे, लिंबाच्या जातीच्या झाडांवर दोघांच्याही अळ्या सापडू शकतात, तरी जगण्याची तऱ्हा एकदम उलटी. आणि माझं मत विचाराल तर ह्या उलटेपणाचं मूळ तुमच्या त्या साखरपाण्याच्या झाकणात आहे. एकाला तोंड आहे, एकाला नाही, आणि मग बाकीचं बरंचसं आपोआप ठरत जातं.

आधी ओळखपाळख. ब्लू मॉर्मन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, मराठीत राणी पाकोळी, कोणी नीलवंतही म्हणतं. २०१५ साली महाराष्ट्राने ह्याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पंख पसरले की १२ ते १५ सेंमी. मखमली काळा रंग, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा आणि त्यावर काळे ठिपके, खालच्या बाजूने बघितलं तर पंखांच्या मुळाशी लाल डाग. स्वॅलोटेल, म्हणजे मागच्या पंखांना बहुधा शेपटी असणाऱ्या घराण्यातलं असूनही ह्याला शेपटी नाही. ॲटलास हा सॅटर्निडी कुळातला, म्हणजे टसर रेशमाच्या पतंगाचा भाऊबंद, आणि पंखांचा पसारा २४ सेंमीच्या आसपास जातो. म्हणजे ब्लू मॉर्मनच्या जवळपास दुप्पट. एक बारीक गोष्ट मुलीला सांगून ठेवा, पुढच्या पैजेला उपयोगी पडेल: ॲटॅकस ॲटलास ह्यातलं ॲटलास हे जातीचं नाव लिनिअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये दिलं, पण दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत जो सापडतो त्याला आता बरेच अभ्यासक ॲटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात. बोलताना सगळे ॲटलासच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

आता तोंडाचं. ब्लू मॉर्मनला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड असते. घाणेरीच्या किंवा एक्झोऱ्याच्या फुलांवर आलं की नीट बघा, ते पूर्ण टेकत नाही, पाय फुलावर आणि पुढचे पंख सतत फडफडत, जणू कुठल्याही क्षणी निघायची तयारी, आणि तेवढ्यात सोंड उलगडून एका फुलात, दुसऱ्या फुलात, तिसऱ्या फुलात, झालं, गेलं पुढे. फोटो काढणाऱ्यांच्या शिव्या ह्या फुलपाखराने जितक्या खाल्ल्यात तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणी खाल्ल्या असतील. तर रोज पोट भरायचं म्हणजे रोज फुलं शोधायची, फुलं शोधायची तर उजेड हवा, रंग दिसायला हवेत, जोरात आणि वळणं घेत उडता यायला हवं. फुलातून साखर मिळते पण क्षार फारसे मिळत नाहीत म्हणून नर ओल्या मातीवर, ओढ्याच्या काठावर येऊन बसतात, त्याला चिखलपान म्हणतात. जंगलातल्या वाटेवर ओलसर जागी हे निळं काळं फुलपाखरू पंख मिटून अर्धा अर्धा तास बसलेलं सापडतं ते ह्यासाठी, आणि फोटोवाल्यांना तीच काय ती संधी.

मादीचंही तसंच. ती खाऊ शकते म्हणून तिच्याकडे वेळ आहे, आणि तो वेळ ती अंड्यांसाठी वापरते. एक एक अंडं, वेगवेगळ्या पानांवर. लिंबू वर्गातली झाडं, माकडलिंबू वगैरे शोधत फिरते, पानावर उतरून पुढच्या पायांनी टपटप करते. पायांनी चव घेते ती! पान बरोबर असेल तर अंडं, नाहीतर पुढचं झाड.

ॲटलासच्या मादीचं बघा मग. तिच्याकडे खाणं नाही म्हणजे नवीन इंधन नाही, जे आहे ते टाकीत भरून आणलंय. मग ती उडण्यात कशाला उधळेल? कोषातून बाहेर येते, तिथेच जवळपास लटकून पंख फुगवते, वाळवते आणि फारशी हलतच नाही. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं असतंच. रात्री पोटाच्या टोकातून एक वास सोडते, आपल्याला काहीही येत नाही, पण वारा जाईल तिकडे लांबवर असलेल्या नराला तो कळतो. उडायचं काम नराचं. म्हणून नराच्या मिशा बघा, शास्त्रीय मराठीत शृंगिका म्हणतात पण मी मिशाच म्हणते, दोन्हीकडून दात असलेल्या कंगव्यासारख्या, पिसासारख्या, रुंद. मादीच्याही तशाच पण अरुंद. जो वासाच्या मागे अंधारात जाणार त्याला वास पकडायला जाळं मोठं हवं, इतकं साधं आहे. ब्लू मॉर्मनच्या मिशा मात्र काडीसारख्या बारीक आणि टोकाला जराशी जाड गाठ, काडेपेटीतल्या काडीसारखी. तुम्ही विचारलंत ना ओळखायचं कसं, तर रंग विसरा, आकार विसरा, आधी मिशा बघा. पंख मिटून बसतं की पसरून ह्यावर फार जाऊ नका, त्यात दोन्हीकडचे लोक नियम मोडतात.

अळ्यांमध्ये मात्र गंमत उलटी होते. ॲटलासची अळी म्हणजे खादाडपणाचा कळस, तिला स्वतःच्या आणि पुढच्या आयुष्याच्याही वाटचं खायचं असतं. दहा अकरा सेंमी लांब होते, बोटापेक्षा जाड, फिकट निळसर हिरवी आणि अंगावर पिठासारखी पांढरी मेणचट पूड. झाडांच्या बाबतीत फार चोखंदळ नाही, दालचिनी, पेरू, लिंबूवर्गी, कितीतरी झाडं चालतात. ब्लू मॉर्मनची अळी लिंबाच्या घराण्याला धरून. लहान असते तेव्हा ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरं, मोठी झाली की हिरवी होते आणि डोक्यामागे खोटे डोळे येतात. बोटाने हलकं डिवचलं तर डोक्यामागून साप जीभ काढतो तसं दुफाटी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. करून बघा म्हणत नाही, पण मी केलंय.

आणि सापाचं तोंड. ॲटलासला त्रास दिला तर तो भरकन उडून जात नाही, इंधनाचा प्रश्न आहेच, तो सरळ जमिनीवर पडतो आणि पंख हळूहळू वरखाली करायला लागतो, त्यामुळे टोकावरचं ते डोकं डोळ्यासकट डुलतं. समोरून बघितलं तर नक्षी वाटते, बाजूने बघितलं तर अंगावर काटा येतो. पण रात्रीचा शत्रू वटवाघूळ, त्याला ही नक्षी काय दिसणार! त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. वटवाघूळ आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून शिकार करतं, आणि ह्या पतंगांना कान नसतात म्हणजे आधी कळायचीही सोय नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ॲटलाससारख्या पतंगांच्या पुढच्या पंखांची दुमडलेली, सुरकुतलेली टोकं आवाज फार जोरात परत पाठवतात, धडापेक्षाही जोरात, म्हणजे वटवाघूळ झडप घालणार ती पंखाच्या टोकावर. टोक तुटलं तरी पतंग उडतो, पोट गेलं तर सगळंच गेलं. म्हणजे एकच कोपरा, दिवसा डोळ्यांना फसवतो आणि रात्री कानांना.

तुमच्या साखरपाण्याबद्दल मुलीला रागावू नका हं, कल्पना तिची असेल तर. आमच्याकडेही पहिल्यांदा हेच झालं होतं.

प्रश्न: तुम्ही नेहमी सांगता मिशा बघा, दिवस रात्र बघा. मी ट्रेकला दिवसाढवळ्या उन्हात उडणारं निळं काळं ठिपक्यांचं फुलपाखरू बघितलं, पण मिशांना गाठ नव्हती. मग ते काय?

उत्तर: तुम्ही बहुतेक ब्लू टायगर मॉथ बघितलात, डिस्फानिया पर्कोटा. पक्का पतंग, पण दिवसा फिरतो आणि रंग असा की भले भले फसतात. त्याची अळी पिवळी असते आणि कमान करत करत चालते, त्यावरून लगेच कळतं की हा पतंगांच्या लूपर अळ्यावाल्या कुळातला. गाठ नव्हती हे तुम्ही बघितलंत हेच खूप झालं, बहुतेक लोक रंग बघून फोटो टाकून मोकळे होतात.

बाकी नियमांना अपवाद हवे तेवढे आहेत. पुस्तकात वाचाल की पतंगांचे पुढचे मागचे पंख एका काट्याने एकमेकांना अडकवलेले असतात आणि फुलपाखरांना तो काटा नसतो. आता ॲटलासच्या कुळात हा काटा नाहीच, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका स्किपर फुलपाखराच्या नराला आहे! मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेडिलिड म्हणून एक गट आहे, दिसायला पतंग, बरेचसे रात्री उडतात, मिशांना गाठ नाही, आणि तपासलं तर निघाले फुलपाखरांच्या घरातले. ह्याचं कारण असं की फुलपाखरं आणि पतंग हे समोरासमोरचे दोन संघ नाहीतच. ह्या सगळ्या खवलेपंखी कीटकांच्या मिळून साधारण १,६०,००० ज्ञात जाती आहेत आणि त्यात फुलपाखरं जेमतेम १८-१९ हजार. पतंगांच्या मोठ्या झाडाची एक फांदी दिवसा उडायला लागली, तिला आपण वेगळं नाव दिलं आणि लाड केले. २०२३ मधल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार ही फांदी साधारण १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांच्या बाजूला फुटली. त्यामुळे "फुलपाखरू की पतंग" हा प्रश्न खरं तर "हा कुठला पतंग" असा आहे, पण हे वाक्य शाळेच्या परीक्षेत लिहू नका, मार्क जातील.

प्रश्न: पतंगांना दिवा इतका का आवडतो? दिव्यावर प्रेम वगैरे कवितेत ठीक आहे, खरं कारण काय?

उत्तर: आवडतबिवडत काही नाही, अडकतात बिचारे. पूर्वी सांगायचे की ते चंद्राला धरून दिशा ठेवतात आणि दिव्याला चंद्र समजतात. २०२४ मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने घेतलेल्या एका अभ्यासात वेगळंच दिसलं. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण कोट्यवधी वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वर, एवढं कळलं की सरळ उडता येतं. आता दिवा बाजूला आला की ते पाठ दिव्याकडे करतात, त्यामुळे कलंडतात, वळतात, परत पाठ दिव्याकडे, परत वळतात आणि घिरट्या चालू. दिव्याच्या वरून जाताना तर पाठ खाली करायच्या नादात उलटे होऊन आदळतात.

ॲटलास दिव्यावर आला तर सरळ दिवा बंद करा, तेवढंच पुरे आहे. त्याच्याकडे मोजक्या रात्री आहेत आणि त्यातली एक तुमच्या ट्यूबलाईटभोवती गेली तर नुकसान मोठं. बाहेरचा लाईट लावायचाच असेल तर पांढऱ्याऐवजी पिवळसर लावा, कमी येतात. सकाळी भिंतीवरच बसलेला असेल तर पंखांना हात न लावता एक काडी किंवा फांदी पायांसमोर धरा, तो स्वतःहून चढतो, मग झाडाच्या सावलीत ठेवून द्या.

प्रश्न: पंखांची पावडर डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो असं आजी सांगायची, खरं का?

उत्तर: नाही. ती पावडर म्हणजे पंखांवरचे बारीक खवले, कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात, फुलपाखरांनाही तेच असतात. डोळ्यात गेले तर धूळ गेल्यासारखं खुपेल, चोळू नका, पाण्याने धुवा. आजीचं ऐकून तुम्ही पतंगाला हात लावला नसेल तर पतंगाचा फायदाच झाला, कारण त्याचे गेलेले खवले परत येत नाहीत.

प्रश्न: झाडाच्या फांदीला पानात गुंडाळलेला मोठा तपकिरी कोष सापडला, फोटो पाठवलाय. घरी आणलाय. फुलपाखराच्या कोषापेक्षा वेगळा का दिसतो, आणि आतला जीव अडकू नये म्हणून जरा कापून मदत करू का?

उत्तर: कात्री खाली ठेवा आधी!

फोटोवरून ॲटलासचाच दिसतोय. फुलपाखराची अळी शक्यतो रेशमाचं घर बांधत नाही, ब्लू मॉर्मनची अळी शेपटीचं टोक फांदीला चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा एकच दोरा घेते, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन पट्टा बांधतो तसा, आणि तशीच उघडी राहते, रंग आजूबाजूच्या पानाफांदीसारखा झाला की झालं. ॲटलासची अळी पान ओढून घेऊन आत रेशमाची जाड पिशवी विणते आणि देठापासून फांदीपर्यंत रेशीम गुंडाळून घेते, म्हणजे पान वाळलं तरी गळून पडत नाही. हे रेशीम इतकं चिवट असतं की तैवानमध्ये रिकाम्या कोषांची छोटी पाकिटं करतात.

बाहेर यायला वरच्या टोकाला वाट असते, तिथूनच तो येईल. तुम्ही कापलंत तर पंख नीट न भरलेला, लोंबणारा पतंग मिळेल. फक्त कोष फांदीसकट उभा टांगा, आहे तसा, ऊन थेट नको आणि अगदी कोरड्या खोलीतही नको. साधारण महिनाभर लागतो, कधी बराच जास्त. बाहेर आल्यावर त्याला लटकायला जागा हवी, खाली गुळगुळीत डबा असेल तर घसरून पडेल आणि पंख वाकडे वाळतील, मग काहीही करता येत नाही.

माझ्याकडे असाच एक कोष होता, वाऱ्याने तुटलेल्या फांदीवर मिळाला होता. एका सकाळी बघते तर मादी बाहेर आलेली, पंख ओल्या फडक्यासारखे लोंबत होते, दुपारपर्यंत ताठ झाले. मी तिला खिडकीच्या जाळीवर ठेवलं, आतल्या बाजूने, खिडकी उघडी, दिवे बंद. रात्री काहीच नाही म्हणून झोपले. पहाटे उठून बघितलं तर जाळीच्या बाहेरून दोन नर चिकटलेले, तिच्या बरोब्बर समोर, आणि त्याआधी त्या भागात मी कधी एकही ॲटलास बघितला नव्हता. जाळी सरकवली. त्यातल्या एका नराच्या उजव्या पंखावरचं सापाचं डोकं कोणीतरी आधीच खाऊन टाकलं होतं, अर्धगोल तुकडाच गायब, आणि तरी आत पहिला तोच आला.